इस्त्रीच्या टेबलाचा भाव

बाजारातले दुकानदार तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की भावबाई. हे नाव पडल्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती खांद्याला निळी पिशवी अडकवून यायची, गल्ल्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, "अंघोळीचा साबण, शंभर ग्रॅम, काय भाव?" भाव ऐकून कागदावर उतरवायची, "तुम्ही सांगितलेला भाव गुप्त राहील, कुणालाही कळणार नाही," हे वाक्य न चुकता म्हणायची आणि चालू लागायची. घ्यायची काहीच नाही. नवा दुकानदार पहिले दोन महिने तिला गिऱ्हाईक समजून बसायला खुर्ची द्यायचा. तिसऱ्या महिन्यात खुर्ची आत जायची.

सांख्यिकी कार्यालयात ती भावनोंदणीस होती, म्हणजे बाजारातले भाव टिपून आणणारी. काम साधं होतं, पण ते तिच्या हाडीमाशी भिनलं होतं. घरात नवऱ्याने काही आणलं की ती त्या वस्तूकडे नुसती बघायची.

"केवढ्याला?"

तो आकडा सांगायचा.

"पुलाखालच्या दुकानात याहून कमी आहे."

लग्नाला तीस वर्षं झाली, आणि त्या तीस वर्षांत पुलाखालच्या दुकानात सगळंच कमी होतं. टॉर्च, पायपुसणं, तिच्या वाढदिवसाचा हातरुमालांचा डबा, सगळं. नवरा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा. शहराखालचे सगळे नळ त्याला पाठ, पण वरच्या बाजारात तो कायम लुबाडला जाणारा माणूस, असं घरात ठरून गेलं होतं. हळूहळू त्याने काही आणणंच बंद केलं. निवृत्त झाल्यावर तर तो फक्त वर्तमानपत्र आणायचा, कारण त्याची किंमत वरच छापलेली असे आणि पुलाखालीही तीच असे.

त्या वर्षी कार्यालयात परदेशातून एक जाड यादी आली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. साहेब वयाने तिच्याहून बरेच लहान होते आणि जाड यादी आली की त्यांचा चेहरा उजळायचा.

"पन्नासेक देशांत एकाच वेळी काम होणार आहे," ते म्हणाले. "वस्तू त्याच, माप तेच, फक्त भाव ज्याचा त्याचा. एकच पिशवी प्रत्येक देशात भरायची आणि कुठे किती पैसे पडतात ते बघायचं. म्हणजे कोण महाग, कोण स्वस्त, ते एकदाचं कळेल. वर्षातून चार वेळा, दर तिमाहीला एकदा."

भावबाईच्या वाट्याला घरगुती वस्तू आल्या. बादली, झाडू, विजेचा दिवा, कपडे वाळत घालायचे चिमटे. एकशे सेहेचाळीस वस्तूंपर्यंत सगळं सुरळीत होतं. एकशे सत्तेचाळिसावी होती इस्त्रीचं टेबल: घडीचं, पाय लोखंडी, लांबी एकशे वीस सेंटीमीटर, वर सुती आवरण, एका टोकाला इस्त्री ठेवायची जाळी.

"साहेब, हे आपल्याकडे घेतं कोण?"

"घेत नसतील. पण यादीत आहे."

"आपल्याकडे लोक पलंगावर चादर टाकून इस्त्री करतात."

"पलंग वेगळा आहे," साहेबांनी यादी चाळली. "दोनशे बारावा."

"मग हा रकाना मोकळा ठेवते."

साहेब दचकले. "मोकळा? बाई, मोकळा रकाना म्हणजे देशाची अब्रू गेली. पन्नास देशांच्या तक्त्यात आपलं एक भोक दिसणार. काही करा, पण भाव आणा."

ती अकरा दुकानं फिरली. एकाने तिला शाळेचा बाक दाखवला, एकाने आजारी माणसाच्या जेवणाचं टेबल. बाराव्या दुकानात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, बादल्या आणि कुंचे विकणाऱ्या भांडीवाल्याकडे तिला ते सापडलं. दाराशीच उभं होतं. त्यावर प्लॅस्टिकचे मग ओळीने मांडले होते, आणि इस्त्रीच्या जाळीत भांडीवाल्याचा चष्मा होता. तिने टेप काढून लांबी मोजली. बरोबर एकशे वीस.

"मालक, हे टेबल काय भाव?"

"ते विकायला नाही, ताई. त्यावर माल आहे." भांडीवाला साठीचा, आवाज बसका. पंधरा वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याने ते त्याच्या गळ्यात मारलं होतं.

"विकायला नसेल तर मला भाव लिहिता येत नाही."

"मग विकायला आहे. काय देताय?"

"मला घ्यायचं नाहीये. मला फक्त भाव हवाय."

भांडीवाल्याने जाळीतला चष्मा उचलून डोळ्यांवर लावला आणि तिला नीट निरखलं. "घ्यायचं नाही, तर भाव कशाला?"

"सरकारला हवाय."

"सरकारला टेबल हवंय?"

"नाही हो. सरकारलाही भावच हवाय."

त्याने बराच विचार केला. असल्या गिऱ्हाइकाला काय सांगावं याचा त्याला अनुभव नव्हता. शेवटी म्हणाला, "नऊशे लिहा."

तिने लिहिलं. "तुम्ही सांगितलेला भाव गुप्त राहील."

"राहू द्या," तो म्हणाला. "पंधरा वर्षं गुप्तच आहे."

दुसऱ्या तिमाहीत ती गेली तेव्हा टेबलावरची धूळ पुसलेली होती आणि वरचे प्लॅस्टिकचे मग निम्मे झाले होते. भाव चौदाशे.

"तीन महिन्यांत एवढा वाढला?"

"मागणी आहे ना. पंधरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, आता सरकार दुसऱ्यांदा विचारतंय."

ती मागणी म्हणजे आपणच, हे तिला कळत होतं. तसा शेरा लिहायला कागदावर जागा नव्हती. तिने चौदाशे लिहिले. घरी येऊन जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं, म्हणजे नेहमीप्रमाणे ती बोलली आणि तो वरण वाढून घेत ऐकत राहिला. टेबलाचे पाय कसे कात्रीसारखे उघडतात, आवरणाला कसं इलॅस्टिक आहे, जाळी कशी कोपऱ्यात बसवलीय. सांगताना तिने दोन्ही हात पसरून लांबी दाखवली आणि पाण्याचा पेला सांडला.

मधल्या काळात राजधानीत तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. सहा देशांचे भावनोंदणीस आले होते. तिच्या शेजारी सीमेपलीकडची एक बाई बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मधल्या सुट्टीत चहाचा कप उचलताना दोघींनी एकदमच कपाचं बूड उलटं करून किमतीची चिठ्ठी शोधली आणि मग खो-खो हसल्या. तेव्हापासून त्या एकमेकींना फोनवर चिठ्ठ्यांचे फोटो पाठवू लागल्या. साबण. सुया. बूटपॉलिश. भावबाई तिकडच्या पैशाचे इकडचे पैसे करायची आणि हळहळायची. तिकडे झाडू स्वस्त होता, पण बादली मात्र अंगावर यायची.

एक दिवस पलीकडच्या बाईने इस्त्रीच्या टेबलाचा फोटो पाठवला. मोठं झगमगीत दुकान, टेबलं रांगेने उभी. हिशेब केला तर आपल्या पैशात बावीसशे होत होते.

तिसऱ्या तिमाहीत भांडीवाल्याने तिला पाहताच खुर्ची पुढे केली. "ताई, बाहेरच्या देशात काय भाव चाललाय याचा?"

हे सांगायचं नसतं. तो नियम तिने स्वतः नव्या पोरांना शिकवला होता. पण बावीस वर्षांत कुणी तिला उलट भाव विचारला नव्हता. दुकानदार भाव सांगतात आणि ती ऐकते, एवढंच तिचं आणि बाजाराचं नातं. जीभ कधी घसरली ते तिलाच कळलं नाही.

"बावीसशे."

"मग आपलं टेबल काय वाळीत टाकलंय?" भांडीवाला ताठ झाला. "लिहा बावीसशे."

ती लिहून बाहेर पडली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबून तिने कागद पुन्हा वाचला. दोन देशांचे भाव वेगवेगळे मोजायचे आणि मग ताडून बघायचे, यासाठी एवढा खटाटोप. आणि इथे एका देशाचा भाव तिने स्वतःच्या तोंडाने दुसऱ्या देशात नेऊन ठेवला होता. तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी आकडा बघितला आणि खूश झाले. "वा! म्हणजे आपण त्यांच्या बरोबरीला आलो."

"आलो नाही, साहेब. मी नेलं."

"बाई, तुम्ही फार खोलात जाता."

चौथ्या तिमाहीत ती दुकानात गेली तर प्लॅस्टिकचे मग जमिनीवरच्या एका उलट्या खोक्यावर मांडलेले. टेबल गायब.

"विकलं," भांडीवाला म्हणाला, आणि तिची नजर टाळून कुंचे मोजू लागला.

"विकलं? कुणाला?"

"गिऱ्हाइकाला."

"केवढ्याला? वस्तू विकली गेली तर खरोखर दिलेली किंमत लिहायची असते. नियम आहे."

"ते नाही सांगता येणार, ताई. शब्द दिलाय."

बावीस वर्षांत दुकानदारांनी तिला खोटे भाव सांगितले होते, तिरसटून सांगितले होते, एकाने तर गाऊन सांगितला होता. पण सांगितलाच नाही, असं कधी झालं नव्हतं. तिने नियम सांगितला, गुप्ततेचं वाक्य दोनदा म्हटलं, शेवटी चक्क विनवलं. भांडीवाला कुंचे मोजतच राहिला. दर वेळी बेचाळीस भरत होते.

पाय ओढत ती घरी आली. दार उघडलं आणि थबकली. बाहेरच्या खोलीच्या मधोमध इस्त्रीचं टेबल उभं होतं, आणि त्याच्या पायांशी गुडघे टेकून बसलेला तिचा नवरा पाय मिटायची खटपट करत होता.

"उघडतं झटक्यात," तो मान वर न करता म्हणाला. "मिटत मात्र नाही."

तिच्या तोंडून तीस वर्षांची सवय बाहेर पडली. "केवढ्याला?"

"आवडलं का?"

"आवडलं. केवढ्याला?"

"भेट आहे ती. भेटीचा भाव विचारू नये."

"अहो, मला लिहायचाय. कामाचं आहे."

"मला नाही सांगायचा." तो उठला, गुडघे झटकले. "वर्षभर या घरात दुसरं काही बोललीस का तू? जेवताना टेबल, झोपताना टेबल. तुला एखाद्या वस्तूची ओढ लागलेली मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघितली. म्हटलं, ही स्वतःहून काही घ्यायची नाही. आपणच घ्यावं."

मला ते कधीच नको होतं, असं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. नवऱ्याच्या हाताला लोखंडी पायाचा चिमटा बसून बोट लाल झालं होतं, आणि चेहऱ्यावर, नवा नकाशा पहिल्यांदा उलगडताना असायचा तसा भाव होता. तिने ते वाक्य गिळलं. मग त्याच्या बोटाला हळद लावून दिली आणि लावता लावता अजून एकदा विचारलं. त्याने मान हलवली.

पुढचे आठ दिवस तिने हर प्रकारे प्रयत्न केला. बँकेचं पासबुक पाहिलं, त्याने रोख दिले होते. खिसे तपासले, पावती नव्हती. हजाराच्या वर की खाली एवढंच सांगा, असंही म्हणून बघितलं. तो बधला नाही. तो आता रोज सकाळी त्या टेबलावर स्वतःचा एक सदरा इस्त्री करायचा, आणि टेबल मिटत नसल्यामुळे सगळं घर टेबलाला वळसा घालून चालायचं.

तिने साहेबांकडे रकाना मोकळाच नेला. साहेबांनी कपाळावर हात मारला, आणि नेमका त्याच आठवड्यात परदेशातल्या मुख्य कार्यालयाचा तपासनीस आला. निवडक वस्तू खरंच बाजारात आहेत का, ते तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार होता. पंचवीस वस्तू त्याने आधीच निवडून आणल्या होत्या. एकशे सत्तेचाळीस त्यात होतीच.

"दुकानात नाही?" तपासनीस म्हणाला. त्याला भाषा उत्तम येत होती. "मग कुठे आहे?"

"माझ्या घरी," भावबाई म्हणाली. जमीन दुभंगेल तर बरं, असं तिला झालं होतं.

साहेबांना मात्र हायसं वाटलं. "जवळच आहे. चालत जाऊ."

तपासनीसाने टेबल मोजलं, आवरणाला हात लावून पाहिला, जाळीचा फोटो घेतला. मग पिशवीतून कागद काढून तो नवऱ्यासमोर बसला. "आपण खरेदीदार. प्रत्यक्ष किती दिले?"

भावबाई चहाचा ट्रे हातात धरून दारात उभी होती. तिचे दोन्ही कान त्या खुर्चीकडे लागले होते.

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग तपासनीसाकडे. "मी सांगितलेला भाव गुप्त राहील ना?"

"अर्थात. तसा कायदाच आहे."

"कुणालाही कळणार नाही?"

"कुणालाही नाही."

"मग हिला आत जायला सांगा."

साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. तपासनीसाने मात्र गंभीरपणे मान डोलावली, कारण नियम नवऱ्याच्या बाजूने होता. "बाई, कृपा करून दोन मिनिटं आत थांबा." ती आत गेली. ओट्याशी उभी राहून तिने पाण्याचा नळ बंद केला, तरी काही ऐकू आलं नाही. तिचा नवरा जन्मभर हळूच बोलत आलेला माणूस होता. बाहेर आली तेव्हा तपासनीस पाकिटावर लाख लावत होता.

चार महिन्यांनी निकाल आला. साहेबांनी तक्ता भिंतीला चिकटवला आणि त्याच्या प्रती सगळ्यांना पेढ्यांसारख्या वाटल्या. अहवालात एक वाक्य होतं, ते त्यांनी मोठ्याने दोनदा वाचलं: घरगुती वस्तूंच्या बाबतीत या देशातले आणि शेजारच्या देशातले भाव लक्षणीयरीत्या जवळ आले आहेत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. ती वाचून भांडीवाल्याने बारा इस्त्रीची टेबलं मागवली, दारात रांगेने उभी केली, आणि आठवडाभर वाट पाहून त्यातल्या सहांवर प्लॅस्टिकचे मग मांडले.

भावबाईने बातमी वाचली नाही. ती तक्त्यासमोर उभी होती. एकशे सत्तेचाळीस, इस्त्रीचं टेबल, वर्षाची सरासरी: बाराशे पन्नास.

गुप्त ठेवलेला एकच आकडा होता. बाकीचे तीन तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. वजाबाकी तिने केली नाही, ती आपोआप झाली. बाराशे पन्नास चोक पाच हजार. नऊशे, चौदाशे आणि बावीसशे मिळून साडेचार हजार.

तिने बोटांवर पुन्हा मोजलं. मग कुणाशी न बोलता पिशवी उचलली आणि भरदुपारी मागच्या गल्लीत गेली.

"मालक, पाचशे?"

भांडीवाल्याचा चेहरा पडला. "त्यांनी सांगितलं?"

"सरकारने सांगितलं. मला बावीसशे सांगता आणि दुसऱ्याला पाचशेला देता?"

"ताई, तो सांगायचा भाव होता. हा घ्यायचा." त्याने हात जोडले. "आणि तुमचे ते! असला माणूस मी बघितला नाही. तीन आठवडे रोज यायचे. आवाज चढवायचे नाहीत, भांडायचे नाहीत. नुसते त्या टेबलाकडे बघायचे आणि म्हणायचे, पुलाखालच्या दुकानात याहून कमी आहे. रोज! शेवटी मीच थकलो. पाचशेला दिलं आणि वर रिक्षात चढवून दिलं."

घरी नवरा टेबलाशी उभा राहून बाहीला इस्त्री करत होता. तिने चपला काढल्या, वळसा घालून पलंगावर जाऊन बसली.

"पाचशे," ती म्हणाली.

त्याची इस्त्री थांबली. त्याने ती नीट जाळीवर उभी ठेवली.

"एवढं चांगलं घेतलंत," ती म्हणाली, "तर मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू म्हणाली असतीस, चारशेला मिळालं असतं."

तिने टेबलाकडे पाहिलं. आवरणाचं इलॅस्टिक एका बाजूला सैल होतं, डावा मागचा पाय किंचित वाकलेला होता, आणि पंधरा वर्षं मग ठेवून ठेवून कापडावर गोल गोल डाग पडले होते. नाही म्हटलं तरी ती भावनोंदणीस होती.

"साडेतीनशेला," ती म्हणाली.